शेप्याचे दोन वाटे

माणसांची नावं मी इथं लिहिणार नाही. भावकीतली गोष्ट आहे, आणि ज्यांची आहे त्यातली बरीच माणसं अजून त्याच गावात राहतात. झाडांची नावं मात्र लिहिते. झाडं राहिली नाहीत, त्यामुळं कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

बीडला नोकरीला लागले तेव्हा ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "तुमच्याकडं कोणता आंबा होतो?" मी म्हणाले, "शेप्या, खोबऱ्या, साखऱ्या, शेंद्र्या." त्या म्हणाल्या, "या कुठल्या जाती? ऐकल्या नाहीत कधी." मी म्हणाले, "जाती नाहीत, झाडं आहेत." त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

हापूस कुठंही लावला तरी हापूसच असतो, कारण तो कलमाचा. एकाच झाडाचे ते हजारो तुकडे. गावरान आंबा कोयीतून येतो, आणि कोय कधी आईसारखी निघत नाही. गोड झाडाच्या कोयीतून आंबट झाड येतं, आंबट झाडाच्या पोटी साखर येते. म्हणून आमच्याकडं प्रत्येक झाड एकटंच. त्याच्यासारखं आधी कधी झालेलं नसतं आणि पुढं होणार नसतं. माणसाला ठेवतात तसं त्याला नाव ठेवावं लागतं. हे मी कॉलेजात शिकले, पण माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, ते कॉलेजाशिवाय माहीत होतं. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. ते मी लपवत नाही. गावात अजूनही कुणी विचारलं तर आधी तेच सांगते.

खोबऱ्या विहिरीजवळ होता. तो पिकू द्यायचाच नाही. पिकला की भोपळ्यासारखा फिक्का. पण कैरी असताना दातानं फोडली की ओल्या खोबऱ्यासारखी कटकन तुटायची, आणि मीठ-मिरची लावली तर पानावरची भाकर तशीच राहायची. साखऱ्या लिंबापेक्षा थोडा मोठा. निम्मी कोय, उरलेल्यात निम्म्या रेषा. दात कोरत बसावं लागायचं, पण रसात गुळाचा खडा टाकायची गरज पडायची नाही. शेंद्र्या दिसायला सगळ्यांत देखणा. खांद्यावर शेंदूर फासल्यासारखा लाल. नवखा माणूस टोपलीत हात घालायचा तो शेंद्र्यावरच, आणि पहिल्या घासाला त्याचा एक डोळा आपोआप मिटायचा.

मी बारावीला असताना मला बघायला पाहुणे आले होते. नको म्हणता येईना अशी ओळखीची माणसं. आबांनी त्यांच्यापुढं कापून ठेवला शेंद्र्या. नवऱ्या मुलाच्या मामानं एक फोड खाल्ली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "आंबा लई देखणा हाय हो तुमचा."

आबा म्हणाले, "पोरगीबी तशीच हाय. दिसायला गरीब, पर आंबट लई. अजून शिकायलीय, पिकायला टाइम हाय."

पाहुणे गेले ते परत आले नाहीत. माय, म्हणजे माझी आई, दोन दिवस आबांशी बोलली नाही. मी बीएला गेले.

आणि शेप्या. तो दिसायला अगदीच सामान्य. पिकला तरी हिरवाच, अंगावर काळे ठिपके. बाजारात मांडला असता तर कच्चा समजून कुणी घेतला नसता. कापायचा नाही, चोखायचा. पातळ साल, पाण्यासारखा रस, रेषेचं नाव नाही. पण वास! बाळंतिणीला विड्यात शेप देतात ना, तो वास. पिकला की तो घरभर फिरायचाच, पण कच्चा असतानाही देठ मोडला की जो चीक येतो, त्यातही यायचा. आबा देठ मोडायचे, चीक निथळायच्या आत फळ नाकाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. डोळे उघडले की झाडाचं नाव सांगायचे. चुकलेले मी पाहिले नाहीत.

धाकटे चुलते याच्या अगदी उलट. त्यांना वासच लागत नव्हता. लहानपणी कसलासा ताप आला होता, तेव्हापासून. आबा मुद्दाम त्यांचे डोळे झाकून हातात आंबा द्यायचे.

"सांग कोण्या झाडाचा?"

काका हुंगायचे, पुन्हा हुंगायचे. "साखऱ्या?"

"आरं खोबऱ्या हाय, खोबऱ्या! तुझं नाक हाय का खुंटी हाय बे? टोपी अडकवायला दिलंय का देवानं?"

"दादा, तुला नाक हाय, मला तोंड हाय. तू हुंग, मी खातो."

आढीसुद्धा दोन्ही घरची आबाच लावायचे. गव्हाच्या काडात आंब्याचा थर, मग काड, मग थर. झाडागणिक कोपरा वेगळा. शेप्या सगळ्यांपासून लांब, भिंतीकडं, कारण त्याचा वास बाकीच्यांना लागतो. काकांनी एकदा स्वतः लावून बघितली होती. निम्मे आंबे सडले, निम्मे सुरकुतले. त्यानंतर त्यांनी नाद सोडला.

जमिनीची वाटणी मी शाळेत असताना झाली. वावर मधोमध तुटलं, आणि शेप्या नेमका बांधावर आला. बाकीची झाडं इकडं-तिकडं गेली, शेप्या दोघांचा राहिला. आमच्याकडं अशा सामायिक झाडाचा एक नियम असतो. एकानं दोन वाटे घालायचे आणि दुसऱ्यानं आधी उचलायचा. ज्यानं वाटे घातले त्यानं आधी हात लावायचा नाही. म्हणजे वाटे घालणारा लबाडी करत नाही, कारण मोठा वाटा दुसऱ्याकडंच जाणार. आणि बाजूला एक छोटा ढीग, तो घरातल्या लेकीचा. दोन्ही घरांत मिळून लेक एकटी मीच, त्यामुळं तो ढीग माझा.

एक वर्षी आबा वाटे घालायचे, एक वर्षी काका. उचलताना दोघंही मुद्दाम लहान वाटा उचलायचे, आणि वाटे घालणारा शिव्या द्यायचा. "दिसत न्हाई का तुला? त्यो बारका हाय!" "असू दे, माझ्या घरात खाणारी कमी हायेत." बांधावर असं भांडण चालायचं, आणि मी माझ्या ढिगावर बसून चोखत राहायचे. आमचं घर आणि त्यांचं घर एकाच अंगणाला तोंड करून होतं. पाहुण्याला कळायचं नाही कुणाचं कुठलं.

पुढं माजलगावच्या धरणाचं पाणी आमच्या शिवारात चांगलं फिरलं आणि सगळ्यांनी ऊस धरला. उसानं घरं स्लॅबची झाली हे खोटं नाही. पण उसाला सावली चालत नाही. शेप्याची सावली दुपारनंतर काकांच्या वावरात पडायची. तेवढ्या सऱ्या पिवळ्या राहायच्या. काका दरवर्षी म्हणायचे, "दादा, निदान फांद्या तरी उतरवू." आबा म्हणायचे, "माझ्यामागं उतरव." ते हसण्यावारी बोलले होते. पण काकांनी ऐकून ठेवलं, आणि 'मागं' म्हणजे मेल्यावर की पाठ फिरल्यावर, त्यातला त्यांनी त्यांना परवडेल तो अर्थ घेतला.

माझा शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर झाला तेव्हा आबा मला न्यायला बीडला आले. होस्टेलवरची पेटी, गादी, पुस्तकं. एसटीच्या टपावर पेटी चढवताना त्यांनी कंडक्टरला सांगितलं, "जरा जपून, बीएची पुस्तकं हायेत." तेलगावच्या फाट्यावर उतरलो, तिथून गावाकडं जाणारी जीप धरली. जीपमधल्या प्रत्येकाला त्यांनी तेच सांगितलं. मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

वावराजवळ जीप आली आणि आबा बोलायचे थांबले. बांधावर आभाळ दिसत होतं. तिथं कधी आभाळ दिसायचं नाही.

शेप्या तुकडे होऊन जमिनीवर पडला होता. भरलेला होता. फांदीफांदीला हिरव्या कैऱ्या, अजून देठाला धरून. तोडलेल्या झाडाला आपण तुटलोय हे कळायला थोडा वेळ लागतो. माय बांधावर डोक्यावर पदर घेऊन बसली होती, मयताला बसतात तशी. ती एवढंच म्हणाली, "भरल्या पोटाची होती वो."

काकांनी फांद्या उतरवून, खोड कापून, नियमाप्रमाणं लाकडाचे दोन वाटे घातले होते. ते बाजूला उभे राहिले. मान खाली. "दादा, ऊस येईना. तू ऐकंना. मी वाटे घातलेत. तू आधी उचल."

आबा त्या दोन ढिगांकडं बघत राहिले. मग माझी पेटी डोक्यावर घेतली आणि घराकडं चालू लागले.

त्यांनी वाटा उचलला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पावसाळ्यात नाही, पुढच्या वर्षीही नाही. आणि त्यांनी उचलला नाही म्हणून काकांना उचलता येईना. लाकडाचा व्यापारी टेम्पो घेऊन आला, त्याला काकांनी हात हलवत परत पाठवलं. "दादानं उचलल्याशिवाय मला हात लावता येत न्हाई." भाऊ भरलं झाड तोडू शकतो, पण वाट्याचा नियम तोडू शकत नाही. हे मी बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याला खरं वाटत नाही. आमच्या गावात कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही. ते दोन ढीग बांधावर तसेच राहिले. आधी साल सुटली, मग वाळवी लागली, मग गवत वर आलं. काही वर्षांनी दोन उंचवटे तेवढे राहिले.

आबांनी त्या बांधाकडं जाणं सोडलं. आपल्या वावरात जायचं तरी लांबच्या गाडीवाटेनं जायचे. अंगण एकच होतं, त्यात काकांनी काट्याचं कुंपण घातलं नाही की आबांनी. पण कुंपण असतं तर बरं झालं असतं. रोज समोरासमोर तोंड धुवायचं आणि बोलायचं नाही, हे लई अवघड असतं.

आणि आबांनी आंबा सोडला. कुणाला सांगून नाही. त्या वर्षी रसाचं ताट पुढं आलं, त्यांनी वाटी बाजूला सरकवली. मायनं विचारलं, "कावून?" ते म्हणाले, "आता न्हाई." पुढच्या वर्षी तिनं विचारलं नाही.

बाकीची झाडंही गेली. साखऱ्या आणि शेंद्र्या रस्ता रुंद झाला त्यात गेले. खोबऱ्या विहीर आटली त्या उन्हाळ्यात उभ्याउभ्या वाळला. त्यांच्यासाठी कुणी बोलणं सोडलं नाही. मी दर उन्हाळ्यात बीडहून पेटी न्यायचे. केसर न्यायचे. केसरला मी नावं ठेवणार नाही. आता आमच्याच जिल्ह्यात त्याच्या बागा आहेत, गोड आहे, रंग सुंदर, रेषा नाही. आबा पेटी उघडायचे, एक फळ हातात घ्यायचे, देठ नाकाशी न्यायचे आणि परत ठेवायचे. "चांगला हाय. तुझ्या मायला दे."

या माघात आबा गेले. दवाखान्यातून घरी आणलं त्याच आठवड्यात. मला भाऊ नाही. अग्नी मी देते असं मीच म्हणाले होते, भावकीनं ऐकलं नाही. मडकं काकांनी धरलं. सगळे दिवस त्यांनीच केले. माय आणि ते एकाच चुलीभोवती दहा कामं करत होते, पण एकमेकांशी नाही बोलले. बोलायचं ते मध्ये मला घालून.

आणि मग आखिती आली.

अक्षय तृतीयेला आम्ही आखिती म्हणतो. घरात कुणी गेलेलं असलं तर त्याच्या नावानं नवा मातीचा करा आणतात, पाण्यानं भरतात, त्यावर आंबा ठेवतात. गेलेल्या माणसाला पाणी आणि आंबा पोचल्याशिवाय घरात कुणी नवीन आंबा खात नाही. पहिली आखिती तर चुकवायचीच नसते.

मी सुट्टी काढून चार दिवस आधी गेले. माय उंबऱ्यात बसली होती. शेजारच्या दोन-तीन बाया होत्या. मायनं माझ्याकडं न बघता विचारलं, "सोडलेली वस्तू मेलेल्या माणसाला ठिवावी का?"

एक म्हणाली, "न्हाई ठिवू. जित्तेपणी खाल्ला न्हाई, आता कावून खातील?"

दुसरी म्हणाली, "काय बी सांगती. माझ्या सासऱ्यानं काशीत वांगं सोडलंतं. आमी ठिवलं की पानावर. कावळा लगीच शिवला."

"कावळ्याला वांगं आवडत असंल."

सगळ्या हसल्या. माय हसली नाही. बाया गेल्यावर ती मला म्हणाली, "त्यांनी आंबा सोडला न्हाई. शेप्या गेला म्हणून बाकीच्याला तोंड लावलं न्हाई. शेप्या ठिवला तर खातील. दुसरा ठिवला तर ती वाटी सरकवल्यावानी सरकवतील. आन् मंग पहिल्याच आखितीला उपाशी."

मी म्हणाले, "माय, शेप्या कुठून आणू?"

"तू शिकलीस ना? बघ कुठंतरी."

तेव्हा मला आणखी एक गोष्ट लक्षात आली. इतकी वर्षं मी केसरच्या पेट्या आणत होते, आणि मायला आंबा खाताना मी एकदाही पाहिलं नव्हतं. पाहुण्यांना रस वाढायची, मला वाढायची, स्वतः मात्र भाकरी दुधाबरोबर खायची. तिनंही सोडला होता. तिला कुणी "कावून" म्हणून विचारलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली. माजलगावच्या बाजारात आंब्याचे ढीग लागले होते. बदाम, हातात मावत नाही एवढा, पिवळाधमक, गर भरपूर आणि वास जेमतेम. लालबाग, खांद्यावर लाली, आमच्या शेंद्र्याचा परदेशातून आलेला भाऊ म्हणावा असा. तोतापुरी, चोच काढलेला, चिरून तिखट-मीठ लावायला बरा. गावरान विचारलं की विक्रेते हात हलवायचे. एकानं सांगितलं, "ताई, गावरान आता फोटोत बघा."

तेलगावच्या फाट्यावर एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती. तिच्याकडं गावरान कैऱ्या होत्या, लोणच्याच्या. मी विचारलं, "मावशी, शेप्या हाय का?"

"शेप्या पायजे? मंग शेपूची जुडी घे की, ती बघ पलीकडं." मग माझं तोंड बघून तिला काय वाटलं कुणास ठाऊक, आवाज उतरवला. "कुणासाठी, माय?"

"वडलांसाठी. पहिली आखिती."

"गावरान आता कुठला पिकायला? ज्येष्ठ लागू दे. कैरी मिळंल." तिनं एका गावाचं नाव सांगितलं. तिथं एकाच्या मळ्यात शेप्या आहे म्हणाली.

मी तिथं गेले. मळेवाल्यानं जाळी बांधलेल्या काठीनं, झेल्यानं, एक कैरी उतरवून दिली. चांगला माणूस होता, पैसेही घेईना. मी देठ मोडला, नाकाशी धरला, डोळे मिटले. वास होता, शेपेचाही होता, पण तो आमच्या घरातला नव्हता. त्यांचा शेप्या वेगळं झाड होतं. नाव सारखं असलं म्हणून माणूस तोच नसतो, तसं. तरी मी ती कैरी आणली. मायनं हुंगली आणि लोणच्याच्या टोपलीत टाकली.

आखितीच्या सकाळी मायनं करा भरला. अंगणात तुळशीपुढं पाट मांडला, पाटावर करा. वर काही नव्हतं. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मी म्हणाले, "माय, केसर ठेवू. रिकामा नको." तिनं मान हलवली. नाही.

तेवढ्यात काका समोरच्या दारातून बाहेर आले. अंगण ओलांडायला पाच पावलं लागत असतील, पण ती त्यांनी इतक्या वर्षांत टाकली नव्हती. मयताच्या दिवसांत आले तेही मागच्या दारानं. हातात उपरणं होतं, त्यात काहीतरी बांधलेलं. ते पाटापासून लांबच बसले, उकिडवे, आणि गाठ सोडली. कैऱ्या होत्या. हिरव्या, काळ्या ठिपक्यांच्या. त्यांनी जमिनीवरच दोन ढीग केले. एक लहान, एक मोठा. बाजूला एक कैरी वेगळी ठेवली.

मग माझ्याकडं बघून, पण मायसाठी बोलले. "बुंध्याला फुटवा आलता. दुसऱ्याच वर्षी. मी तोडला न्हाई. भोवती ऊस असायचा, कुणाला दिसला न्हाई. वाढत गेला."

मायनं वर बघितलं नाही.

"मोहर कधी टिकला न्हाई. औंदा टिकला. तवा दादा दवाखान्यात होता. म्हणलं, फळ धरू दे. रिकाम्या हातानं काय तोंड घेऊन जाऊ?" त्यांनी उपरण्याची घडी घातली, मोडली, परत घातली. "त्यो बुंध्याचाच हाय का एखादी कोय रुजून आलेला हाय, मला कळत न्हाई. मला नाक न्हाई, वहिनी. तुमी बघा."

इतक्या वर्षांनी त्यांनी तिला हाक मारली ती अशी.

माय उठली. दोन ढिगांपुढं उभी राहिली. मला वाटलं ती पदर सावरून आत निघून जाईल, आबा गेले तशी. तसं केलं असतं तर तिला कुणी नावं ठेवली नसती. मी तर ठेवली नसती. मला काकांचा राग अजूनही आहे, तो या कैऱ्यांनी गेला असं मी लिहिणार नाही.

ती वाकली आणि लहान ढिगातली एक कैरी उचलली. देठ मोडला. चीक निथळायच्या आत नाकाशी धरली आणि डोळे मिटले. आबा करायचे अगदी तसं. ती हे कधी शिकली, मला माहीत नाही.

बराच वेळ तिनं डोळे उघडले नाहीत. काका तिच्या तोंडाकडं बघत होते. निकालाच्या दिवशी फळ्यापुढं पोरं उभी असतात तसे.

"त्योच हाय," माय म्हणाली.

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मायनं लहान वाटा पदरात भरला. "भावजी, त्यो तुमचा," ती मोठ्या ढिगाकडं बोट करून म्हणाली, "आमी आधी उचललाय." मग हातातली कैरी कऱ्यावर ठेवली, देठाकडची बाजू नीट वर करून. हिरवीगार कैरी, दगडासारखी. मी म्हणाले, "माय, कच्ची हाय."

"असू दे. त्यांना आढी लावता येती."

वेगळी ठेवलेली एक कैरी माझी होती.

आमच्या वाट्याच्या कैऱ्या मायनं गव्हाच्या काडात ठेवल्या, भिंतीकडं. काकांनी त्यांच्या वाट्याच्या कुठं ठेवल्या देव जाणे. ज्येष्ठात मी गावी गेले तेव्हा त्यांच्या दारात सडलेल्या आंब्यांवर माश्या घोंगावत होत्या. ते मला म्हणाले, "दादा लावायचा ना." एवढंच.

मायनं आमची आढी उघडली. तो वास आला. मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही, कारण आधी मान वळवून बघितलं, आबा कुठं आहेत ते. सवयीनं. मग रडले.

मायनं एक वाटी भरून काकांकडं पाठवली. मग एक आंबा घेतला, पिळून मऊ केला, आणि उंबऱ्यात बसून चोखला. इतक्या वर्षांनी. साल संपली, मग ती कोय चोखत राहिली, पांढरी होईपर्यंत. शेवटी राखेत घोळून ती खिडकीत वाळत ठेवली.

"लावणार?" मी विचारलं.

"परसात लावते. फुटव्याचं काय खरं हाय? वारं आलं की जाईल."

मी म्हणाले, "माय, कोयीतून शेप्या येत न्हाई. दुसरंच काहीतरी येईल."

ती माझ्याकडं बघत राहिली. हसली का, ते मला नीट कळलं नाही.

"म्हाईत हाय मला. तू तरी कुठं त्यांच्यावानी निघालीस? वाढवलीच की."